भाच्याला एसएमए (स्नायू दुबळे करत जाणारा जनुकीय आजार) आहे, आम्ही फोंड्याचे. चवथीला मंडळातून निधी जमवावा की आधी सरकारी मदत मागावी?

आधी सरकारी मदत मागा, वर्गणी मागाहून. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात एसएमए येतो; ठरवून दिलेल्या केंद्रात नोंदलेल्या रुग्णाला उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मिळू शकतात. त्यांपैकी तुम्हाला मुंबईचं केईएम रुग्णालय सोयीचं, गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून) एसएमएन१ या, बिघडला की हा आजार होतो त्या जनुकाचा अहवाल नि चिठ्ठी घेऊनच निघा. पैसे घरच्यांच्या नव्हे, रुग्णालयाच्या हाती जातात. मात्र जनुकीय उपचाराचं एकच इंजेक्शन १६ कोटींच्या घरात, तिथे ही रक्कम म्हणजे दर्यात खसखस. त्यामुळे वर्गणी लागेलच. तीही रुग्णालयाच्या नावे घ्या, नाहीतर हिशेबावरून वाड्यावर कुजबूज ठरलेली. पालकांनीच उभारलेल्या ‘क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया’कडेही नाव नोंदवा.