नासाच्या फोटोतले रंग खोटे असतात का? आणि मग दुर्बीण घेण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य माझ्या आतेभावाने मला चारचौघांत ऐकवलं होतं आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

मी तेव्हा अकरावीत होतो. आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता, अंधारातला माळ, सहा इंची दुर्बीण, लांब रांग. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, लावला होता, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली असतो तो. दादा माझ्या पुढे होता. नंबर येईपर्यंत मोबाईल बघत होता, मग वाकला, पाच सेकंद बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे काय, पुसलेला फळा दिसतोय, ते नासावाले कॉम्प्युटरवर बसून रंग भरतात आणि तुम्ही लोक वेडे होता." सगळे हसले. मग मी डोळा लावला. आयपीसचं रबर गार पडलेलं, मधे चार बारीक तारे अगदी खेटून आणि भोवती करडं धुकं. दुर्बीणवाले काका हळूच म्हणाले, सरळ बघू नकोस, जरा कडेला नजर ठेव. तसं केलं आणि ते धुकं दोन्ही बाजूंना पंख उघडावेत तसं पसरलं. रंग नव्हता, खरंच नव्हता. पण तो उजेड तिथून साधारण १३०० वर्षांपूर्वी निघालेला होता आणि थेट माझ्या डोळ्यात येत होता, मधे कुठलाही स्क्रीन नाही. घरी येईपर्यंत दादा चिडवत होता आणि मी गप्प.

आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आता सांगतो. दोष फोटोचा नाही, आपल्या डोळ्याचा आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो, अंधारात काम करतात त्या दंडपेशी आणि त्यांना रंग कळतच नाहीत, त्यात तांबड्या उजेडाला त्या जवळजवळ आंधळ्याच. आणि तेजोमेघातला हायड्रोजन नेमका ६५६ नॅनोमीटरला, म्हणजे तांबड्यातच चमकतो. शिवाय डोळा उजेड साठवून ठेवत नाही, कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं साठवतो. गेल्या हिवाळ्यात मित्राचा डीएसएलआर आणून ट्रायपॉडवर ठेवला आणि ५० एमएमच्या लेन्सने चार-चार सेकंदांचे १२० फोटो काढले, म्हणजे एकूण आठच मिनिटं, मग ते एकावर एक रचले आणि तो गुलाबी रंग आपोआप वर आला. मी कुठेही ब्रश फिरवलेला नाही!

आता हबल, म्हणजे अवकाशातली दुर्बीण. तिचे कॅमेरे मुळात कृष्णधवलच फोटो काढतात, वेगवेगळ्या फिल्टरमधून. १९९५ चा तो प्रसिद्ध 'सृष्टीचे स्तंभ' फोटो घ्या, वायू आणि धुळीच्या उंच खांबांचा, त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. का, तर गंधक आणि हायड्रोजन दोन्ही तांबड्यातच चमकतात, तसेच ठेवले तर कुठे काय आहे ते वेगळं कळणारच नाही. याला मी खोटं म्हणणार नाही, नकाशात समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी असतात म्हणून नकाशा खोटा होत नाही. जेम्स वेब ही अवकाशातली दुसरी दुर्बीण तर मुख्यतः अवरक्त किरण टिपते, ते आपल्याला दिसतच नाहीत, मग त्यांना दिसणारे रंग द्यावेच लागतात. त्यात जी लहर लांब तिला लाल, जी आखूड तिला निळा असा क्रम सहसा पाळतात. गाण्याची पट्टी बदलली तरी चाल तीच राहते ना, तसं. २०१९ मधलं कृष्णविवराचं चित्र रेडिओ लहरींचं आहे, त्यातला केशरी मात्र निव्वळ निवडलेला.

हां, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बरेच फोटो बनावट असतात हेही खरं, त्यामुळे कुठली दुर्बीण, कुठला फिल्टर हे खाली लिहिलेलं नसेल तर मी फॉरवर्ड करत नाही. आणि रंग अजिबात दिसत नाहीत असंही नाही, गुरूचे पट्टे दिसतात, आणि मृगातलाच काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा, हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

दुर्बिणीचं म्हणाल तर आधी १० बाय ५० चा (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) बायनॉक्युलर घ्या, कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका त्यातून बघा, मोठीचं नंतर ठरवा. चंद्र नसेल अशी रात्र निवडा. सूर्याकडे मात्र सूर्यासाठीच्या खास फिल्टरशिवाय चुकूनही वळवू नका.

फोटो बघून दुर्बिणीकडे जाणाऱ्याने तोच फोटो आत दिसेल ही अपेक्षा घेऊन जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती न देता "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. दादा, तू हे वाचत असशील तर सांगतो, त्या रात्री रांगेत तू शेवटपर्यंत मोबाईल बघत होतास. परत चल, अर्धा तास तो खिशात ठेव, आणि मग कडेने बघ.