वाचकांचे प्रश्न : जॅझच्या सापडलेल्या टेप

प्रश्न : माझे कान आकाशवाणीवरच्या शास्त्रीय संगीतावर तयार झाले. निवृत्तीनंतर मुलाने मोबाईलवर जॅझ ऐकवले आणि गोडी लागली. अलीकडे मात्र कुणा ना कुणा दिवंगत वादकाचे हरवलेले ध्वनिमुद्रण सापडल्याची जाहिरात वरचेवर दिसते. कलावंताने हयातीत जे प्रसिद्ध केले नाही ते आता विकण्यात कंपन्यांच्या गल्ल्यापलीकडे काही असते का? ते ऐकण्यात वेळ घालवावा का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण अशी सगळी ध्वनिमुद्रणे एका मापाने मोजता येत नाहीत. कलावंताच्या वाटचालीतला जो टप्पा त्याच्या अधिकृत रेकॉर्डमध्ये जवळजवळ आलाच नाही, तो जिथे ऐकायला मिळतो ते ध्वनिमुद्रण आवर्जून ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची कार्नेगी हॉलमधली मैफल. १९५७च्या उत्तरार्धात कोल्ट्रेन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या छोट्या क्लबात कित्येक महिने मंकच्या चौघा वादकांच्या चमूत वाजवत होते. कोल्ट्रेन पुढे जे झाले त्याची घडण याच काळात झाली, असे जाणकार सांगत आले. पण या चौकडीची स्टुडिओत मुद्रित झालेली वादने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, त्यामुळे बाकीचे ऐकीव माहितीवरच मानावे लागे. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेला त्यांचा कार्यक्रम 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीने मुद्रित केला होता. त्या टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिल्या आणि २००५मध्ये, जुन्या टेपांच्या डिजिटल प्रती करण्याचे काम चालू असताना, तिथल्या एका जाणकार कर्मचाऱ्याच्या लक्षात आल्या. त्याच वर्षी ब्लू नोट कंपनीने त्या प्रसिद्ध केल्या. भास्करबुवा बखल्यांचे गाणे आपण केवळ इतरांच्या आठवणींतून जाणतो. त्यांची एखादी संपूर्ण मैफल उद्या हाती लागली तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार केला म्हणजे जॅझच्या श्रोत्यांना तेव्हा काय वाटले असेल ते कळते.

शिवाय हे ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. मंकचा पियानो तुटक, मध्येच थबकणारा, अपेक्षित जागा मुद्दाम मोकळी सोडणारा. तर कोल्ट्रेन त्या मोकळ्या जागांतून स्वरांचे लोटच्या लोट सोडतात. तरीही कोणी कोणाच्या पायात येत नाही. ख्याल ऐकणाऱ्याला बढत, म्हणजे राग स्वरास्वराने फुलवत नेणे, काय असते हे समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे आपण या दोघांपर्यंत लवकर पोहोचाल.

कोल्ट्रेन आणि त्यांचे सहवादक, सॅक्सोफोन व बासरी वाजवणारे एरिक डॉल्फी यांचे ऑगस्ट १९६१मधले व्हिलेज गेट क्लबातले वादन २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या नव्या ध्वनियंत्रणेची चाचणी घेताना एका तंत्रज्ञाने वर टांगलेल्या एकाच मायक्रोफोनवर ते टिपले होते, त्यामुळे आवाजाचा तोल बिघडलेला आहे आणि एल्विन जोन्स यांचे ड्रम्स पुष्कळदा सगळ्यांच्या पुढे येतात. तरीही ते ऐकावे असे मी म्हणतो. या जोडीच्या वादनाला त्याच वर्षी एका अमेरिकन समीक्षकाने जॅझविरोधी ठरवले होते आणि डॉल्फी १९६४मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी गेले. त्या टीकेला कारण झालेल्या धाटणीचे वादन इथे प्रत्यक्ष कानावर पडते आणि निवाडा आपला आपल्याला करता येतो.

कलावंताच्या इच्छेचा आपला मुद्दा मात्र स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणांना अधिक लागू होतो. ६ मार्च १९६३ रोजी कोल्ट्रेन यांच्या चौकडीने एक दिवसभर ध्वनिमुद्रण केले आणि ते तसेच राहिले. कंपनीकडची मूळ टेप पुढे नाहीशी झाली. कोल्ट्रेन यांच्या पहिल्या पत्नीच्या कुटुंबाने जपलेल्या प्रतीवरून ते २०१८मध्ये बाहेर आले. त्यात एक रचना पुन्हा पुन्हा, पियानो बाजूला ठेवून वाजवलेली आहे. ती तालीम ऐकण्यासारखी आहे, पण कोल्ट्रेन यांना आधीपासून ओळखणाऱ्यासाठी. नव्या श्रोत्याने प्रथम त्यांचे १९६५मध्ये प्रसिद्ध झालेले 'अ लव्ह सुप्रीम' ऐकावे. त्या काळात काय बाजारात आणायचे हे पुष्कळदा कंपनीच ठरवत असे, त्यामुळे जे प्रसिद्ध झाले नाही ते कलावंताने नाकारलेच होते असे धरून चालू नये, हेही इथे नोंदवतो.

जिथे मागाहून इतरांनी भर घातली आहे, तिथे माझे उत्तर नकाराचे आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचे १९८५मधले अर्धवट राहिलेले काम नव्या गायकांचे आवाज घालून २०१९मध्ये 'रबरबँड' या नावाने काढण्यात आले. डेव्हिस १९९१मध्येच निवर्तले होते. त्यात त्यांचे किती आणि इतरांचे किती हे ऐकताना कळत नाही, आणि मग ऐकण्यात राम उरत नाही.

प्रश्न : अशी जुनी ध्वनिमुद्रणे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकली तर चालतील का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : चालणार नाहीत. छोट्या स्पीकरवर डबल बास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, जवळजवळ नाहीसा होतो आणि जॅझची लय त्याच्यावरच उभी असते. साधा वायरचा हेडफोन पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्या वडिलांनी गावातल्या मैफली आणि भजनाचे फड कॅसेटवर, काही स्पूलवर मुद्रित केलेले आहेत. जॅझच्या टेपांविषयी वाचल्यावर ही पेटी उघडली. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : प्रथम टेप लावून पाहण्याचा मोह आवरावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. पांढुरके डाग दिसले तर ती टेप यंत्रात घालू नये, कारण फीत तुटू शकते आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या टेपांनाही लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

त्याआधी एक काम आजच करता येईल. प्रत्येक खोक्यावर गाव, अंदाजे वर्ष, प्रसंग, गायक आणि पेटी-तबल्यावर कोण होते ते लिहून ठेवावे आणि वडिलांच्या पिढीतले जे कोणी हयात असतील त्यांना विचारून नावे पक्की करावीत. कार्नेगी हॉलच्या टेप ओळखता आल्या त्या खोक्यावर लिहिलेल्या मजकुरामुळेच.

डिजिटल प्रत करताना काहीही कापू नये. १९४०च्या दशकात डीन बेनेडेटी नावाचा एक चाहता सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचे वादन मुद्रित करत असे, पण पार्कर थांबले की तो यंत्रही बंद करी. त्यामुळे पार्कर यांचे अमोल तुकडे आपल्याला मिळाले, पण ते कोणाला उत्तर देत होते आणि त्यांच्यानंतर काय घडले हे कायमचे गेले. तेव्हा तबला जुळवणे, मधली दाद, कोणी केलेली फर्माईश हे सगळे राहू द्यावे. प्रत 'वेव्ह' स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता करावी. ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट भंगारात देऊ नयेत.