लोकसभेला तिसरा उमेदवार उभा राहिला की नुसती मतविभागणीच होते का?

तुम्ही विचारलंय की छोट्या पक्षाकडून किंवा अपक्ष लोकसभेला उभं राहायचं तर किती पैसा लागतो, डिपॉझिट वाचतं का, आणि शेवटी मतं फोडण्यापलीकडे काही होतं का.

पैशाचं आधी सांगून टाकतो. डिपॉझिट २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला साडेबारा. मान्यताप्राप्त पक्षाचे नसाल तर त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मिळाली तर डिपॉझिट परत. अकरा लाख मतं पडली तर १ लाख ८३ हजारांच्या वर जावं लागतं. खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे. लहान उमेदवार तिच्या जवळपासही जात नाही.

पण मतं फोडण्याचं जे लिहिलंय ते मला लागलं.

२०२४ ला बुलढाणा मतदारसंघात मी अपक्ष उभे राहिलेले शेतकरी नेते रविकांत तुपकरांचा पोलिंग एजंट होतो, चिखली तालुक्यातल्या आमच्याच गावात. २६ एप्रिल, विदर्भातलं ऊन. पहाटे मॉक पोलला, म्हणजे मतदानाआधी यंत्र तपासायच्या चाचणी मतदानाला, हजर. मोठ्या पक्षांच्या एजंटांना दुपारी बदली माणूस आला, घरून डबा आला. मला बदली नव्हती, म्हणून सकाळपासून १७-सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्याच्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत हातात पडेपर्यंत जागचा हललो नाही. प्रचाराच्या दिवसांत घराघरात सोयाबीनची थप्पी पाहिली होती. हमीभाव ४,६०० रुपये आणि बाजार त्याच्याही खाली. भाव येईल म्हणून लोकांनी माल धरून ठेवला होता आणि इकडे सोसायटीचं कर्ज डोक्यावर. मोठ्या पक्षांची जी भाषणं आमच्याकडे झाली त्यात थप्पीचा उल्लेख मी ऐकला नाही. आमचा माणूस मात्र वर्षानुवर्षं सोयाबीन-कापसासाठीच रस्त्यावर बसत आलेला.

४ जूनला निकाल लागला. पहिल्या-दुसऱ्यात साधारण २९ हजारांचं अंतर आणि तुपकरांना जवळपास अडीच लाख मतं. तेव्हापासून माझा थोरला चुलतभाऊ, जो दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराचा खंदा कार्यकर्ता, मला सोडत नाही. आत्याच्या तेरवीच्या पंगतीत, सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाला, "तुह्यासारख्यायनं मतं खाल्ली म्हणून आपला मानूस पडला." वडीलधारे बसले होते, मी गप्प जेवलो. पण ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

दादा, ती अडीच लाख मतं कोणाच्या सातबाऱ्यावर नोंदलेली नव्हती. आमच्या टेबलापाशी दोन्हीकडचे लोक होते. आधी निवडून आलेल्या खासदाराचाच झेंडा धरणारी पोरं होती, आणि कित्येक वर्षं मतदानालाच न गेलेली माणसंही होती. तुपकर नसते तर हे सगळे तुमच्या बाजूला आले असते हे कोणत्या हिशेबाने? तुम्हाला ती मतं हवी होती तर सोयाबीनवर बोलायला कोणी अडवलं होतं?

आणि फरक पडला की नाही ते पाहा. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला भाजप सोयाबीनला ६ हजार म्हणू लागला, राहुल गांधी ७ हजार म्हणाले. सगळं श्रेय आमचं असं मी म्हणत नाही, पण अडीच लाख मतं मोजलेली सगळ्यांनी पाहिली होती.

तिसरा कधी निवडूनच येत नाही असं म्हणणाऱ्यांनी विदर्भच नीट पाहिलेला नाही. नागपूरने १९७१ ला जांबुवंतराव धोटेंना फॉरवर्ड ब्लॉककडून निवडून दिलं. अमरावतीने १९८९ ला भाकपच्या सुदामकाका देशमुखांना पाठवलं. वर्ध्याने १९९१ ला वसंत साठेंना हरवून माकपचे रामचंद्र घंगारे पाठवले.

तुमचं म्हणाल तर उभे राहा, पण अर्ज भरायच्या वेळी जागे होऊ नका. २०२४ ला आमच्याकडे माघारीची मुदत ८ एप्रिलला संपली, अपक्षांना चिन्ह त्यानंतर मिळतं, आणि प्रचार थांबला २४ ला. एवढ्यात बुलढाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव, जळगाव जामोद अशा सहा विधानसभांत चिन्ह पोचवायचं. बूथ दीड हजारावर. जिथे तुमचा एजंट नाही तिथे १७-सी ची प्रत तुमच्या हाती लागत नाही.

एक मात्र मान्य करतो. अकोल्यात २०२४ ला प्रकाश आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं पडली, पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर चाळीस हजारांच्या आसपास होतं, तिथे दादाच्या बोलण्यात जास्त दम आहे. १९९८ ला ते तिथून निवडून गेले तेव्हा काँग्रेसशी समझोता होता. तसा समझोता तुम्हाला सन्मानाने मिळत असेल तर घ्या. तुमच्या मुद्द्याचं नावही न घेता नुसती माघार मागत असतील तर अर्ज मागे घेऊ नका.