वाचक विचारतात : १६२ सामने आणि सकाळचा चहा

प्रश्न : सर, आमचं गाव खानापूर तालुक्यात. मुलगा चार वर्षांपूर्वी सिएटलला नोकरीला गेला. फोनवर जेवणखाण, पाऊसपाणी झालं की पुढं काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नसे. गेल्या वर्षापासून तो तिथल्या मरिनर्स नावाच्या बेसबॉल संघाच्या मागे लागलाय. त्याविषयी बोलायला लागला की अर्धा तास थांबत नाही. मला ओ की ठो कळत नाही. वर्षाला १६२ सामने असतात म्हणे. एवढं बघून होतं का कुणाचं? त्याच्याशी बोलण्यापुरतं तरी मला शिकायचं आहे. कुठनं सुरू करू?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी मुलगीही सिएटलजवळ राहते. तिथं गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत ती फोनवर म्हणायची, “बाबा, काल आम्ही जिंकलो!” आणि मी विचारायचो, “आम्ही म्हणजे कोण?” पुढं ती सांगेनाशी झाली. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवला, आणि माझी मुलगी माझ्याशी खेळाविषयी बोलायची थांबली. ते मला फार लागलं. म्हणून तुम्हाला सांगतो, शिकाच.

पहिली गोष्ट, १६२ या आकड्याला घाबरू नका. हा हंगाम आपल्या पंचांगात चांगला बसतो. पाडव्याच्या आसपास सुरू होतो, दसऱ्याच्या सुमाराला साखळी सामने संपतात आणि बाद फेरी दिवाळीपर्यंत चालते. मधल्या सहा महिन्यांत बहुतेक रोज सामना. एकाच संघाशी ओळीनं तीन किंवा चार, मग पुढचं गाव. जेवढं रोज दारात येतं तेवढंच घ्यायचं. सगळे सामने बघायचे नसतात, पण रोज सकाळी काल काय झालं हे माहीत असायला हवं.

वेळ तर तुमच्या सोयीची आहे. उन्हाळ्यात सिएटलचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. त्यांच्या मैदानावर संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांचा सामना असला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ७ वाजून १० मिनिटं होतात. चहा टाकायची वेळ. २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळ लावल्यामुळे सामना साधारण पावणेतीन तासांत आटपतो, म्हणजे दहाच्या आत निकाल. संघ न्यूयॉर्क-बोस्टनकडे गेला की मात्र सामने आपल्या पहाटे साडेचारच्या सुमाराला लागतात. ते सोडा, झोपा. उठल्यावर यूट्यूबवर थोडक्यातली चित्रफीत बघा, तिला पैसे पडत नाहीत. जुलैत झड लागली, वीज गेली, रेंज गेली, तर दुपारी बघा. काही बिघडत नाही.

नियम थोडक्यात. नऊ डाव. तीन जण बाद झाले की बाजू बदलते. मारण्याजोगा चेंडू हुकला किंवा सोडला की स्ट्राइक, असे तीन झाले की बॅटर बाद. आवाक्याबाहेर टाकलेला चेंडू म्हणजे बॉल, असे चार झाले की त्याला पहिला बेस, म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांवरच्या टप्प्यांतला पहिला, फुकट. चारही बेस फिरून घरी आला की एक धाव. क्रिकेट बघणाऱ्या घरात हे दोन दिवसांत कळतं.

आता खरी गंमत. विहिरीच्या पाण्याला भाऊभाऊ पाळी लावतात ना, तशी इथं पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पाळी असते. सामना सुरू करणारे पाच जण, आणि एकाची पाळी पाच-सहा दिवसांनी येते. २०२५ च्या हंगामात मरिनर्सकडे गिल्बर्ट, कर्बी, वू, कॅस्टिलो आणि मिलर होते. ही पाच नावं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आणि मुलाला फोन केलात की “जिंकले का?” असं विचारू नका. “आज पाळी कुणाची?” असं विचारा. मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुलगी पलीकडे एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही बघालाय व्हय?” इतकी वर्षं परदेशात राहून तिच्या तोंडून आपलं बेळगावचं ‘बघालाय’ निघालं. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो.

“जिंकले का?” हे विचारू नका म्हणालो त्यालाही कारण आहे. २००१ साली मरिनर्सनी ११६ सामने जिंकले. १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची ती बरोबरी होती. त्याच वर्षी जपानहून आलेला इचिरो पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढ्या मोठ्या संघानंही ४६ सामने गमावले. दहापैकी तीनदा फटका मारून बेस गाठणारा इथं थोर मानला जातो. रोजच्या जयपराजयावर मन टांगून ठेवलंत तर आषाढापर्यंत दमून जाल.

आणि एक वही करा. मी करतो. २०१४ च्या जूनमध्ये मुलीनं मला सिएटलच्या मैदानावर नेलं. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि वरचं सरकतं छप्पर ओढलेलं होतं. ते छप्पर छत्रीसारखं आहे, डोक्यावर आडोसा करतं पण बाजू उघड्या राहतात, गार वारा आत येत राहतो. मला खानापूरच्या रस्त्यावरच्या पावसातल्या बसथांब्याची आठवण झाली. शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई मांडीवर वही घेऊन पेन्सिलीनं काहीतरी टिपत होत्या. माझं इंग्रजी बेताचं. त्यांनी बोटं दाखवून शिकवलं. पिचर १, बॅटरच्या मागे झेलणारा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर गेला, दोघे बाद, तर लिहायचं ६-४-३. धाव पूर्ण झाली की चौकटीतला छोटा चौकोन काळा करायचा. सामना संपल्यावर त्यांनी आपली पेन्सिल मला दिली.

तेव्हापासून शहापुरात माझ्या खिडकीजवळ फुलस्केप वही असते. वर्षाला साठ-सत्तर सामने टिपून होतात. त्यामुळे नजर ठरते, मन भटकत नाही. आणि मुलगा म्हणाला, “आई, काल सहाव्या डावात काय झालं माहिती?” तर तुम्ही पान उलटून सांगू शकाल.

प्रश्न : बेळगावात बेसबॉल शिकायचं असेल तर सुरुवात कशी करावी? वय १५.
— अनगोळ

उत्तर : सॉफ्टबॉलपासून कर. शाळांच्या स्पर्धांत तो असतो. चेंडू मोठा, पिचरचा हात खालून आणि बेस ६० फुटांवर, बेसबॉलमध्ये ते ९० फुटांवर असतात. तुझ्या खेळशिक्षकांना विचार. ग्लोव्ह घालून डाव्या हातानं झेलायची सवय हीच पहिली सहा महिन्यांची मेहनत. क्रिकेटवाल्या पोरांना ती जड जाते, म्हणून रोज भिंतीवर शंभर चेंडू.

प्रश्न : माझा नातू आठवीत आहे. अमेरिकेतल्या मामामुळे तोही मरिनर्सचा चाहता झाला. ऑक्टोबरात संघ हरला तेव्हा ऐन दिवाळीत पोरानं फराळाला हात लावला नाही. आता म्हणतो, पुन्हा बघणारच नाही. त्याची समजूत कशी घालू?
— एक आजोबा, निपाणी

उत्तर : समजूत घालू नका हो. त्याला लागलंय ते खरं आहे. मी ६८ वर्षांचा आहे, मलाही लागलं.

२१ ऑक्टोबर २०२५ ची ती पहाट. साडेपाचला सामना सुरू झाला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांचे आकाशकंदील अजून पेटलेले होते. टोरांटोविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना. जिंकणारा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, खेळणार होता. लीगमधल्या तीस संघांपैकी तोवर ती एकदाही न खेळलेला संघ एकच, आपला मरिनर्स. १९७७ पासून. त्यांच्या कॅचरनं, कॅल रॅलीनं, त्या हंगामात ६० होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे कुंपणापलीकडचे टोले, मारले होते. कॅचरनं एका हंगामात एवढे कधी मारले नव्हते. सातव्या डावात ३-१ अशी आघाडी होती, अजून आठ जण बाद करायचे होते. दोन बेसवर माणसं आणि टोरांटोच्या स्प्रिंगरनं चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत टोलवला. ४-३. पुढं काही झालं नाही.

वहीत टोरांटोचे तीन चौकोन काळे करायचे होते. दोन केले, तिसऱ्याला हात गेला नाही. वही मिटून ठेवली. मुलीचा फोन आला तर दोघंही बराच वेळ नुसतेच धरून होतो. फराळ झाल्यावर, अकराच्या सुमाराला, तिसरा चौकोन भरला.

नातवाला एक गोष्ट मात्र सांगा. २००१ नंतर या संघाला बाद फेरी गाठायला २०२२ उजाडलं. एकवीस वर्षं. ३० सप्टेंबर २०२२ ला नवव्या डावात, दोन बाद असताना, याच रॅलीनं होमरन मारून ती वाट संपवली. मैदानात रडणारी माणसं मी त्या चित्रफितीत पाहिली. त्यातली कितीतरी २००१ मध्ये तुमच्या नातवाएवढी असतील. त्याला आज बघू नको वाटत असेल तर नको बघू दे. महाशिवरात्रीच्या सुमाराला पिचर आणि कॅचर ॲरिझोनात सरावाला जमतात. तोवर विषय काढू नका.

आणि तेव्हा त्यानं आपण होऊन विचारलं, तर मासिकाच्या पत्त्यावर मला पत्र टाका. त्याला घेऊन शहापूरला या. २०१४ पासूनच्या वह्या कपाटात आहेत. २१ ऑक्टोबरचं पानही त्याला दाखवीन, त्यातला तिसरा चौकोन थोडा वेगळ्या पेन्सिलीचा आहे.