कोरडवाहू शेतीत इंटर्नशिप करायची असेल तर आधी महिना ठरवा, संस्था नंतर

तुम्ही विचारलंय की पुण्यात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करताय, घरी शेती नाही, मे-जूनच्या सुट्टीत कोरडवाहू शेतीत इंटर्नशिप करायची आहे, तर संशोधन केंद्र बरं की विस्ताराचं, म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचं, काम करणारी संस्था.

दोन्ही चालेल. मे-जून तेवढा नको.

मी आधी संशोधन प्रकल्पावर होतो, आता विस्तारात आहे. उन्हाळ्यात येणाऱ्या मुलांच्या वाट्याला काय येतं? नांगरून पडलेली ढेकळं, मागच्या हंगामाच्या वह्या आणि एक्सेल. प्रमाणपत्र मिळतं, पीक काही दिसत नाही. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, नगर, सोलापूर या अवर्षणप्रवण पट्ट्यात कोरडवाहू म्हणजे मुख्यतः रब्बी ज्वारी. पावसाळ्यात रान मोकळं ठेवून पाणी मुरवायचं, 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरायचं आणि त्या साठलेल्या ओलीवर पीक काढायचं. हस्त नक्षत्राचा पाऊस बरसला नाही की गावातली बोलणीच बदलतात. खरा खेळ ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होतो आणि नेमकी तेव्हा कॉलेजं भरलेली असतात! म्हणून तिसऱ्या सेमिस्टरच्या प्रबंधाला हे काम जोडून घ्या. सलग सुट्टी मिळत नसेल तर पेरणीच्या वेळी दोन-तीन आठवडे आणि पीक पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) किंवा फुलोऱ्यात असताना पुन्हा तेवढेच, असं तुकड्यात मागा. शास्त्रज्ञांना हे सहज पटतं, अडतं ते कॉलेजच्या फॉर्मपाशी.

आता ठिकाणं. या विषयातलं काम आपल्याकडे 1923 मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं आणि 1933 मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र उभं राहिलं. ते आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. माझी पहिली पसंती तेच. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर (दुष्काळ, उष्णता अशा गोष्टींचा पिकावर येणारा ताण) काम करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय संस्था आहे; प्रयोगशाळेची आवड असेल तर तिथे विचारा. हवामानाकडे ओढा असेल तर शिवाजीनगरला हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग आहेच, पीएमपीच्या बसने जाता येईल. विस्तारासाठी बारामती, नारायणगाव, मोहोळ इथली कृषी विज्ञान केंद्रं; पाणलोटाचं काम बघायचं तर बाएफ आणि वॉटर (WOTR) या दोन्ही संस्थांची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत.

शेतीची पार्श्वभूमी नाही याची काळजी करू नका. केंद्रावर पहिलं काम बहुधा ओलावा मोजायचं असतं आणि ते चार दिवसांत येतं. ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) 15-15 सेंटिमीटरच्या थरांतून माती काढायची, लगेच अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत भरून झाकण लावायचं, वजन करायचं, मग 105 अंशांना ओव्हनमध्ये 24 तास ठेवून पुन्हा वजन. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात काळी माती ऑगरला अशी चिकटते की खुरप्याने खरवडावी लागते, आणि तेवढ्या वेळात डबी उन्हात उघडी राहिली की आकडा गेलाच. जानेवारीत त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी (ओळींमधली माती उकरून सैल करणं) का सांगतात, हे तेव्हा कळतं: भेगा मातीने बुजल्या की तिथून उडून जाणारी ओल थांबते.

विस्ताराकडे गेलात तर एक विषय सुचवतो. उतार पाहून 6 बाय 6 किंवा 10 बाय 10 मीटरचे वाफे पावसाळ्यातच बांधून पाणी अडवायचं, ही शिफारस जुनी आहे आणि शास्त्र म्हणून चोख आहे. तरी वाफे फार थोड्या रानांत दिसतात. शेतकऱ्याला विचारा. भाड्याचा ट्रॅक्टरवाला एवढ्याशा वाफ्यात वळायला तयार नसतो, पेरणीआधी बांध मोडायचे तर परत मजुरी, आणि रान वाट्याने केलेलं असेल तर बांधायचं कोणी हाच प्रश्न. आपल्या अहवालांत याला सरसकट ‘जनजागृतीचा अभाव’ म्हणतात. मला ते आळशी लिखाण वाटतं. तसंच मालदांडी ज्वारीचं. 1930च्या दशकात मोहोळला निवडलेला हा वाण अजून टिकून आहे, कारण शेतकरी नुसते क्विंटल मोजत नाही, कडबा आणि भाकरीही बघतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नावलीत कडब्याच्या भावाचा रकाना हवाच, आणि प्रश्नावली दोन पानांच्या वर नको. ज्वारी काढायला माणसं मिळत नसताना कोण तासभर बसणार?

अर्ज जूनअखेरपर्यंत करा. केंद्रप्रमुखांना मेल, सोबत विभागप्रमुखांचं पत्र, आणि मेलमध्ये नेमके महिने व तुम्हाला काय मोजायचंय ते चार ओळींत. आठवड्यात उत्तर आलं नाही तर सरळ फोन करा, नाहीतर जाऊन भेटा. सरकारी मेलपेटीवर विसंबून राहू नका. विद्यावेतन मिळेलच असं धरून चालू नका. त्यापेक्षा राहायची सोय आधी विचारा. केंद्राच्या आवारात खोली मिळाली तर सकाळी सातला रानात हजर राहता येतं, रोज एसटीने ये-जा करून ते जमत नाही.