बिल्ला ठेवायचा की सोडायचा?

(नौदलातून निवृत्त झालेला एक इलेक्ट्रिशियन चीफ वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. मुक्काम थळ, तालुका अलिबाग.)

प्रश्न : माझे वडील पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन होते, बरीच वर्षं ‘कुरसुरा’वर. फेब्रुवारीत गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटीशी पुस्तिका काढायची आहे. पण नोकरीबद्दल ते घरी कधी बोललेच नाहीत. हाताशी एक डिस्चार्ज बुक आणि चार फोटो आहेत. आई म्हणते, “ते बोटीवर होते, एवढंच मला माहीत.” काय लिहू?
– एक मुलगी, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : ताई, ते बोलले नाहीत त्यात तुमचं काही चुकलं नाही. आम्हाला सवयच तशी लावलेली. बोट कुठे जाणार, कधी परतणार, हे बायकोलाही सांगायचं नाही. मग घरच्यांना सांगण्यासारखं उरायचं काय? जेवण कसं होतं, एवढंच. आणि ते बरं नसायचं.

डिस्चार्ज बुकवरून तारखा लावून घ्या. काही अडलंच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, म्हणजे खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, पत्र कसं टाकायचं ते सांगतील. पण तिथून बदल्या आणि बढत्या मिळतील, माणूस मिळणार नाही. तो आईकडे आहे. फक्त प्रश्न बदला. “बाबा तिकडे काय करायचे?” असं विचारू नका. “बाबांच्या कपड्यांना भोकं असायची का?” असं विचारा.

सांगतो का ते. फॉक्सट्रॉट जातीच्या, म्हणजे ‘कुरसुरा’सारख्या, बोटीला तीन डिझेल इंजिनं, पण पाण्याखाली ती चालायची बॅटरीवर. राहण्याच्या कप्प्यांखाली चारशेहून जास्त सेल. एकेक सेल म्हणजे शिशाचा आणि अॅसिडचा मोठा हौद. वर लोक जेवताहेत, झोपताहेत, आणि खाली आम्ही बॅटरीवाले पोटावर सरपटत सेलमध्ये डिस्टिल्ड पाणी भरतोय, घनता मोजून वहीत लिहितोय. चार्जिंग चालू असलं की हायड्रोजन सुटतो, म्हणून पंखे सुरू आणि बिडी-काडी बंद. कितीही जपलं तरी अॅसिडचा थेंब उडायचाच. कपडा लगेच फाटत नाही. धुताना फाटतो, मोहरीएवढी भोकं पडतात. माझी बायको पंधरा वर्षं समजत होती की माझ्या ट्रंकेत कसर लागली आहे. डांबरगोळ्या घालायची. तुमच्या आईनेही काहीतरी घातलं असेल, विचारून बघा.

दुसरं, डिझेलचा वास. तो कपड्यांत नाही, कातडीत मुरायचा. सुट्टीवर आल्यावर त्यांना आधी न्हाणीत पाठवायचे का, हेही विचारा.

तिसरं पाणी. माझे पहिले चीफ माण तालुक्यातले, दुष्काळी मुलखातले. समुद्रात गोडं पाणी मोजून मिळायचं. एका मगात दाढी, तोंड आणि वर थोडं मानेला, हे आम्हाला त्यांनी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी दहाव्याला गेलो होतो. मुलगा म्हणाला, “काका, बाबा फार चिकट. घरात बोअर आहे, टाकी भरलेली, तरी मगात मोजून आंघोळ. पाहुण्यांनाही तसंच सांगायचे.” मी त्याला मगाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “हे आम्हाला कुणी बोललंच नाही हो.” बावीस वर्षं त्या मगावरून घरात भांडणं झाली होती.

पिंडाला कावळा शिवेना. कुणी म्हणालं नातवाचं लग्न राहिलंय, कुणी म्हणालं जमिनीचं राहिलंय. सगळ्यांनी शब्द देऊन झाले. शेवटी मी पुढे होऊन म्हटलं, “चीफ, चार्जिंग पूर्ण झालंय, वॉच मी घेतो,” म्हणजे पहाऱ्याची पाळी. तरी नाही. दर्भाचाच करावा लागला. कुणी सांगितलं म्हणून वॉच सोडणारा तो माणूसच नव्हता.

तर ताई, पुस्तिकेत ‘देशसेवा’ हा शब्द एकदा येऊ द्या, दहादा नको. वडील कोणत्या कप्प्यात झोपायचे, कोणत्या वॉचला असायचे, हे लिहा. आणि एक करा, आईला घेऊन विशाखापट्टणमला जाऊन या. ‘कुरसुरा’ 1969 साली नौदलात आली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीला होती, 2001 मध्ये निवृत्त झाली. पुढच्या वर्षी तिला रामकृष्ण बीचवर ओढून घेतलं आणि तिचं संग्रहालय केलं. तुम्हाला तुमच्या वडिलांच्या बोटीतून चालता येईल, हे भाग्य फार थोड्यांना मिळतं. माझी ‘खांदेरी’ 1989 ला मोडीत निघाली. नाव ज्या किल्ल्यावरून घेतलं तो थळच्या किनाऱ्यावरून रोज दिसतो, बोट मात्र कुठेच नाही. त्याच नावाची नवी बोट 2019 मध्ये आली, पण ती आमची नव्हे.

कुरसुरात कप्प्याकप्प्यांमधल्या गोल दारांतून जाताना आईला वाकायला सांगा. तिथले गाइड बहुतेक नौदलातलेच निवृत्त लोक आहेत. वडिलांचं नाव आणि ब्रांच सांगून बघा.

प्रश्न : अमेरिकेत वारलेल्या पाणबुडीवाल्यांना ‘अखंड गस्तीवर गेले’ असं म्हणतात असं वाचलं. आपल्याकडे असा शब्द का रूढ करू नये?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : त्यांच्याकडे त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या 52 पाणबुड्या गेल्या. बहुतेकांची थडगी नाहीत, परतल्याची नोंद नाही. एकेका बोटीचं नाव घेऊन घंटेचा टोल देतात. तिथे तो शब्द शोभतो.

आपल्याकडे तो मला रुचत नाही. गस्तीवर असताना प्रत्येक जण घरी जायचे दिवस मोजत असतो. एकाने तर बंकच्या वरच्या पत्र्यावर पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. त्याला मेल्यावर परत गस्तीवर पाठवायचं?

शिवाय आमच्यातले बहुतेक साखर, बीपी आणि गुडघ्यांनी घरी जातात. 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि आतले 18 जण गेले. पुढच्याच फेब्रुवारीत ‘सिंधुरत्न’वर धूर भरला, दोन अधिकारी गेले. त्यांची गोष्ट वेगळी. बोट धक्क्याला बांधलेली असतानाही माणसं जातात, हे त्या रात्री लोकांना कळलं, आम्हाला माहीत होतं. आमच्या वाडीत दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं. मी गेलो, सलाम केला, जिलेबी न घेता घरी आलो. त्या वीस जणांचा आणि माझ्यासारख्या पेन्शन खाऊन जाणाऱ्याचा शब्द एकच नको. आम्हाला ‘वारला’ पुरे.

दिवस पाळायचा असेल तर 8 डिसेंबर आहे. 1967 साली त्या तारखेला सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली. सुएझ कालवा तेव्हा बंद, म्हणून ती आफ्रिकेला वळसा घालून आली. त्या दिवशी आम्ही दोन-चार जण जमतो. पूर्वी अकरा जमायचो.

प्रश्न : यांचा डॉल्फिनचा बिल्ला कपाटात आहे. मुलगा म्हणतो, अस्थींबरोबर समुद्रात सोडायला हवा होता, आता तरी सोडू. सोडावा का?
– एक वाचक, मुरुड

उत्तर : नको वहिनी. तो बिल्ला बोटीवर पाऊल ठेवलं म्हणून मिळत नाही. बोटीतली प्रत्येक नळी, प्रत्येक व्हॉल्व्ह शोधायचा, वहीत काढायचा, तोंडी परीक्षा द्यायची, तेव्हा छातीवर लागतो. मी पहिल्या खेपेला नापास झालो होतो. इतक्या कष्टाची वस्तू पाण्यात टाकणं भावोजींनाच पटलं नसतं. समुद्रात त्यांनी पुरेसे दिवस काढलेत.

मुलाला दुसरं काम द्या. पत्रासोबत तुम्ही जो ग्रुप फोटो पाठवलात, त्याच्या मागे नावं नाहीत. माझ्याकडच्या फोटोंचीही तीच गत, तेव्हा वाटायचं ही तोंडं कोण विसरणार. मी भिंग घेऊन बसलो. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा आमचाच, विशाखापट्टणमच्या पाणबुडी प्रशिक्षण शाळेत, ‘सातवाहन’ला, माझ्यासोबत शिकायला होता. खाली बसलेला, टोपी तिरकी, तो बहुधा कुक. बाकीचे लागत नाहीत. मुलाला फोटो मोठा करून आणायला सांगा, जमलं तर या रविवारीच. मुरुडहून थळ लांब नाही, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मला तो एकदा नीट बघायचा आहे.