खून आणि गांजा एकाच गुन्ह्यात असतील, तर आकडेवारीत तो कुठे मोजतात?

फक्त खुनात. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) वार्षिक अहवालात एका एफआयआरमधला एकच गुन्हा धरतात, ज्याला सर्वांत मोठी शिक्षा आहे तो. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं (१९८५) कलम त्याच एफआयआरमध्ये असलं तरी तक्त्यात ते दिसत नाही. जबरी चोरी करणाऱ्याकडे किलोच्या आत गांजा सापडला (शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष) तरी तेच.

मला जास्त खटकतं ते पुढचं. नशेच्या पैशासाठी कोणी मोबाइल चोरला, तर नोंद निव्वळ चोरीची होते, कारण चोर व्यसनी होता का, यासाठी तक्त्यात रकानाच नाही. म्हणून या आकड्यांवरून ‘ड्रग्जमुळे गुन्हे वाढले’ किंवा ‘वाढले नाहीत’, काहीच म्हणता येत नाही. शिवाय एनडीपीएसचे आकडे पोलिसांनी किती धाडी टाकल्या त्यावरही हलतात.